भिमाजी येळवंडे यांच्या नावावरचा ऊस

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भिमाजी येळवंडे यांच्या शब्दाला जी किंमत होती, ती तालुक्याच्या कचेरीत कधीच नव्हती. आणि हा फरक मला आजही पचलेला नाही. शुक्रवारी बैल घ्यायला आलेला माणूस त्यांना बोलावून नेई. ते बैलाच्या कपाळावर हात ठेवीत, अंगठ्याने खालचा ओठ दाबीत आणि सांगत: चार दाती, सहा दाती, किंवा जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला. एखाद्या व्यापाऱ्याने म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीने घासून त्याला तरुण केले असेल, तर ते काही न बोलता दावे त्याच्या हातात परत देत. तेवढ्यावर सौदा मोडे. घेणारा जे पाच-दहा रुपये देई ते घेत. विकणाऱ्याचा चहासुद्धा घेत नसत.

मी त्यांच्या वाडीजवळच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. त्यांची मुलगी भारती माझी विद्यार्थिनी. १९९५ साली ती बारावीला शास्त्र शाखेत ब्याऐंशी टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली आणि नगरच्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.साठी तिचे नाव यादीत लागले. प्रॅक्टिकल संध्याकाळी सहापर्यंत चाले, त्यानंतर एस.टी.ने फाट्यावर उतरून वाडीपर्यंत पाच किलोमीटर एकटीने चालत येणे शक्य नव्हते. केडगावला मुलींचे एक वसतिगृह होते. तेथे प्रत्येक तालुक्यातून एका मुलीला नादारीवर, म्हणजे राहणे-जेवणे विनामूल्य, प्रवेश मिळे. आमच्या तालुक्याची ती जागा भारतीला द्यायचे ठरले होते. महाविद्यालयातली फी-सवलत निराळी. मात्र या दोन्हींसाठी कागद एकच लागत होता: वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला. वसतिगृहाची मुदत सोमवार, १७ जुलै, संध्याकाळी सहा. भिमाजींची तीन एकर जिरायत जमीन, त्यात बाजरी आणि हुलगा. "दोन दिवसांचं काम आहे," असे मी त्यांना छातीठोकपणे सांगितले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तलाठ्याने पाहणी करून खरे तेच लिहिले. तो कागद घेऊन मंगळवारी, अकरा तारखेला, आम्ही दोघे तालुक्याला गेलो. तेथील लिपिकाने सांगितले, कारखान्याच्या हद्दीतल्या गावांना कारखान्याचा ऊस-दाखलाही जोडावा लागतो. असा नियम कोठे लिहिला आहे ते दाखवा, असे मी म्हणालो. नियम दाखवण्यात आला नाही. खिडकी बंद करण्याची धमकी मात्र देण्यात आली. भिमाजी कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन तो दाखला घेऊन आले. लिपिकाने तो वाचला आणि मान वर केली.

"काका, तुम्ही तर बागायतदार निघालात! ब्याण्णव टन ऊस. नादारी तुम्हाला लागते का मला?"

मागच्या बाकावरची माणसे हसली. भिमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी ती टोपीत ठेवली आणि ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

"गुरुजी, त्यो ऊस माजा न्हाई."

"मग कुणाचा?"

"सूर्यभानचा. आमच्या मेव्हन्याचा."

हकिगत अशी होती. भिमाजींच्या वडिलांनी कारखाना उभा राहताना एक शेअर घेतला होता. जिरायत जमिनीत ऊस कधी लागला नाही, शेअर आणि त्यावरचे सभासदत्व तसेच राहिले. सहा वर्षांपूर्वी भिमाजींच्या पत्नी लंकाबाई यांच्या भावाने, सूर्यभानने, नदीकाठच्या रानात पाइपलाइन आणून ऊस लावला. त्याला सभासदत्व मिळेना, आणि बिगर-सभासदाचा ऊस फडात शेवटपर्यंत उभा राहतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून त्याने दाजींचे नाव मागितले. भिमाजींनी ते दिले. दरवर्षी उसाचे बिल भिमाजींच्या खात्यावर येई. ते बँकेत जाऊन सगळी रक्कम काढून मेहुण्याच्या हाती ठेवीत, गाडीभाडेही कापून घेत नसत. सभासदाला दिवाळीला जी स्वस्त साखर मिळते, तेवढी मात्र घरी राही.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"कुनी इचारलंच न्हाई. अन् सांगन्यासारखं काय हुतं त्यात? नावच तर दिल्तं."

आम्ही पुन्हा आत गेलो. लिपिक म्हणाला, ज्याचा ऊस आहे त्याला स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला सांगा, स्वतः हजर करा, मग बघू. सोमवार धरून सहा दिवस उरले होते, त्यांतला रविवार सुट्टीचा.

बुधवारी आणि गुरुवारी भिमाजी मेहुण्याच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा तो घरी भेटला नाही. शुक्रवारी तोच बाजारात आला. आपल्या कामासाठी मी तेथे होतो, म्हणून पुढचे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

"दाजी, हे काय डोक्यात घेतलंय?" सूर्यभानने सुरुवातीलाच आवाज चढवला. "मी लिहून दिलं की गट ऑफिस नोंद खोडणार. आडसाली ऊस उभा हाय माजा, दिवाळीनंतर तोड. कोन नेईल त्यो? गुऱ्हाळवाला?"

"मला तरी काय हौस हाय का?"

"फी मी भरतो की! भाची हाय माजी. मेसचं बी बघू."

"एका वर्सानं भागतंय का? तीन वर्सं हायेत. तुज्या उसाला भाव न्हाई मिळाला, तर पोरीनं मधूनच परत यायचं?"

सूर्यभानने आवाज खाली आणला. तो म्हणाला, "अन् गोरक्षचं काय?"

गोरक्ष हा त्याचा मुलगा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. कागदोपत्री सूर्यभानच्या नावावर एक टिपरूही ऊस नसल्यामुळे गोरक्षला मागल्या वर्षी फी-सवलत मिळाली होती. तीही त्याच कचेरीतून, एका दुपारात, हसल्यावाचून. ज्याच्या शेतात ऊस तो गरीब, आणि ज्याच्या केवळ नावावर ऊस तो बागायतदार. हे गणित मी तीस वर्षे शिकवलेल्या गणितात कोठेच बसत नाही. पण ते सूर्यभानने रचले होते असेही मी म्हणणार नाही. त्याने आपला ऊस वाचवला, दाखला त्याच्याकडे आपोआप चालत आला, आणि आलेला दाखला परत करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"त्ये मला ठावं न्हवतं," भिमाजी म्हणाले.

"आता झालं ना ठावं? मग सोडा हा नाद."

"सूर्यभान, सा वर्सं तू माजं नाव वापरलंस. मी काय मागितलं? आता माजं नाव मला पायजे."

"मग घ्या की नाव!" सूर्यभान म्हणाला. "ऊस बी घ्या, खोडवं बी घ्या!" आणि तो बाजारातून निघून गेला. त्या दिवशी भिमाजींनी एकाही बैलाच्या तोंडाला हात लावला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लंकाबाई सुपात बाजरी पाखडीत होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "माज्या भावाचा ऊस वाळवून पोरगी शिकवायची व्हय? मला म्हायेर हाय का न्हाई?"

भारती आतून आली, आईच्या समोर बसली आणि सुपातले खडे वेचू लागली. "आई, मी न्हाई गेले तरी चालंल," ती म्हणाली. आवाजात रडे नव्हते. तसे असते तर बरे झाले असते. लंकाबाईंचे सूप थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी ते पुन्हा हलवायला घेतले, पण त्यात आता पाखडण्यासारखे काही उरले नव्हते.

शनिवारी मी भिमाजींचा अर्ज लिहिला: सदर नोंदीतील ऊस माझ्या मालकीचा नसून केवळ माझ्या नावे नोंदविण्यात आला होता, सबब नोंद रद्द व्हावी. गट ऑफिसमधला माणूस तो वाचून म्हणाला, "येळवंडे, विचार करा. सभासदत्वावर येईल. दिवाळीची साखर बी जाईल." भिमाजींनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची ती सही होती. एकेक अक्षर सुटे. पोच घेऊन आम्ही निघालो. आता मार्ग मोकळा झाला, असे मला वाटले.

सोमवारी सकाळी भारतीला मी पहिल्या गाडीने अर्जासह केडगावला पाठवले आणि भिमाजींना घेऊन कचेरी उघडण्याआधी खिडकीशी उभा राहिलो. लिपिक साडेअकराला आला. त्याने पोच पाहिली.

"हा तर तुमचाच शब्द झाला, काका. ऊस तुमचा नाही असं तुम्हीच म्हणताय. ज्याचा आहे तो कुठाय?"

मी रागाने पुष्कळ बोललो. शब्द शुद्ध होते, उपयोग शून्य. साहेबांची सही दुपारी तीनपर्यंतच होते, पुढे ते दौऱ्यावर जाणार, एवढी माहिती मात्र मिळाली. भिमाजी पायरीवर बसले. त्यांनी आणलेली भाकरी उघडली आणि तशीच परत बांधली. दर थोड्या वेळाने ते मला विचारीत, "किती वाजलं, गुरुजी?" मी सांगे. बारा. साडेबारा. एक वाजून दहा. पुढे पुढे ते विचारीनासे झाले, आणि ते मला अधिक जड गेले.

दोनला काही मिनिटे असताना सूर्यभान फाटकातून आत आला. मागे लंकाबाई. त्यांच्या हातात फडक्याने झाकलेले ताट होते.

सकाळी आम्ही निघाल्यावर त्या दोन कोस चालत माहेरी गेल्या होत्या. भावाला पाटावर बसवून त्यांनी ओवाळले. आषाढात भाऊबीज! भावजय हसली, शेजारणी जमल्या. लंकाबाई म्हणाल्या, "दर दिवाळीला इचारतोस, आक्का, ताटात काय घालू? मी कंदी काय बोलले न्हाई. औंदाची भाऊबीज मला आजच घाल." सूर्यभान बराच वेळ पाटावरून उठला नाही, असे त्यांनी पुढे मला सांगितले. मग त्याने सदरा चढवला.

त्याने स्टॅम्प पेपरवर सही केली. लिपिक विचारीत गेला, तो उत्तरे देत गेला: ऊस माझा, क्षेत्र इतके, सहा वर्षांपासून. दाजींकडे त्याने एकदाही पाहिले नाही. सही झाल्यावर तो बहिणीला म्हणाला, "आक्का, घातलं ताटात." आणि चालू लागला. भिमाजी दोन पावले त्याच्या मागे गेले. मग थांबले, कारण आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला होता.

तीनला पाच मिनिटे कमी असताना दाखल्यावर सही झाली, शिक्का बसायला आणखी अर्धा तास. शिक्क्याचा माणूस चहाला गेला होता. पावणेचारच्या एस.टी.त आम्ही उभ्याने चढलो. भिमाजींनी दाखला टोपीत ठेवला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि गाडी हिसका देई तेव्हा ते दांडीऐवजी मला धरीत. नगरला पोचायला पावणेसहा झाले. तेथून रिक्षा. केडगावच्या वसतिगृहाच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा सहा वाजून आठ मिनिटे झाली होती.

कार्यालयाचे दार उघडे होते. अधीक्षिका पुष्पावतीबाई रजिस्टर उघडे ठेवून बसल्या होत्या आणि समोरच्या बाकावर भारती, सकाळपासून होती तशी. रजिस्टरात आमच्या तालुक्यासमोर तिचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते. बाईंनी दाखला दोनदा वाचला. मग पेन्सिलीच्या अक्षरांवरून त्यांनी शाईचे पेन फिरवले.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "माझं घड्याळ मागे आहे म्हणून बरं."

त्यांच्या मागच्या भिंतीवरचे घड्याळ सहा दहा दाखवीत होते. त्या संपूर्ण प्रकरणात नियम मोडून माझ्या मनातून न उतरलेली ती एकमेव व्यक्ती.

भारती तीन वर्षे तेथे राहिली आणि पदवीधर झाली. पण मी येथे तिचे चरित्र लिहीत नाही. कारखान्याने नोंद खोडली. सूर्यभानचा ऊस एप्रिलच्या अखेरीस तुटला. तोवर त्याला तुरे येऊन तो आतून पोकळ झाला होता. गोरक्षची सवलत गेली. बापाने त्याची फी भरली. येळवंड्यांच्या घरी स्वस्त साखर आली नाही. दिवाळीला लंकाबाई एकट्याच माहेरी जाऊन आल्या. सूर्यभान बहिणीशी बोलला, दाजींचे नाव त्याने काढले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी, मी भिमाजींजवळ बाजारात उभा होतो. दहा पावलांवर सूर्यभान बैल बघत होता. दात पाहायला त्याने दुसराच माणूस आणला होता. त्या माणसाने ओठ दाबून पाहिला आणि सांगितले, "आत्ताच जुळलाय." व्यापाऱ्याने मान डोलावली. सूर्यभानने दावे हातात घेतले आणि खिशाकडे हात नेला.

भिमाजी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे तोंड करून, पण दहा पावलांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुरुजी, त्या बैलाच्या दाताला कानस लागलीय. म्हातारा हाय त्यो."

सूर्यभानने मान वळवली नाही. खिशाकडे नेलेला हात त्याने मागे घेतला. मग दावे व्यापाऱ्याच्या हातात परत देऊन तो पुढच्या दावणीकडे चालू लागला.