उन्हात धरलेला एक्स-रे

मनोरीहून बोरिवलीच्या बाजारात येणाऱ्या माझ्या नेहमीच्या कोळणीच्या टोपलीशेजारी हल्ली तिच्या छातीचा एक्स-रे असतो. कित्येक आठवडे खोकतेय, म्हणून गिऱ्हाइकं बिचकून पुढच्या कोळणीकडे वळतात. कुणी वळलं की फिल्म उन्हात धरून ही ओरडते, "अगं बाय, बग तरी! छाती साफ हाय माझी!"

परवा पापलेट कापायला वाकली आणि पुन्हा उबळ आली. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणतात, पित्त वर घशात येतं. पण मला जळजळ होतच नाय, मग पित्त कसलं?"

"जळजळ नसली तरी येतं, मावशी. औषध काय दिलं?"

"गोळ्या दिल्या. वर म्हणाले, रात्री लवकर जेव, जेवल्याबरोबर आडवी होऊ नको. तेवढ्यानं खोकला कमी झाला तर समज, पित्तच."

"मग?"

"मग काय? घरातले उशिरा जेवतात. सगळ्यांचं झालं की मी जेवते नि तिथंच पडते. पहाटे उठायचं असतं ना!"

"अगं, मग तू आधी जेव की!"

तिची सुरी थांबली. "घरातल्या बाप्यांच्या आधी? बरं दिसतं का ते?"

मी कपाळावर हात मारला. धंदा बसायची वेळ आलीय, अख्ख्या बाजाराला ही बाई स्वतःची फुप्फुसं दाखवते, आणि घरात आधी ताट वाढून घ्यायला लाजते!

तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक पुढच्या कोळणीकडे वळलं. मावशीने ओले हात लुगड्याला पुसले आणि फिल्म पुन्हा उन्हात धरली.