आईच्या नावावर

तपासणीच्या दिवशी पिंगळीच्या उपकेंद्रासमोर, पत्र्याच्या शेडखाली, आम्ही चौघी एका बाकावर बसायचो. बाक तिघींचा. सगळ्यांची पोटं पुढं आलेली, त्यामुळं एकीनं कूस बदलली की बाकीच्यांना सरकावं लागायचं. मी कधी नीट टेकून बसलेच नाही. बाकाच्या टोकाला, उठायच्या तयारीत.

त्या बाकाचा एक नियम होता. कुणी सांगितलेला नव्हता, पण होता. कुठलीही गोष्ट स्वतःच्या नावावर सांगायची नाही. माझी आई म्हणते, आमच्या आत्याबाई म्हणतात, सासूबाईनं सात बाळंतपणं केलीत त्या म्हणतात. मागं अशी कुणी उभी असली की बोलण्याला वजन यायचं. माझ्या मागं कुणी नव्हतं. मी सहावीत असताना आई गेली. सातवीत शाळा सुटली, कारण घरात भात कोण रांधणार? भावंडांत मी शेवटची, त्यामुळं मांडीवर तान्हं लेकरू घेतल्याचंही आठवत नाही. माहेर गोंदियाच्या पुढं, जंगलाच्या कडेला. इथून दोन गाड्या बदलून जायचं. सासरीही बाईमाणूस नाही. सासरे, आणि मोटारींचं वायंडिंग करणारा नवरा. दोघं जिवाला जपणारे, पण लेकराची टाळू कशी भरायची हे त्यांना कसं विचारणार?

म्हणून पहिल्यांदा बाकावर कुणी विचारलं, "तुझी आई काय म्हणती गं?" तेव्हा मी म्हणून गेले, "म्हणते की, दुपटी उन्हातच वाळवायची." हे मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून कळलेलं. पण तिघींनी माना डोलावल्या. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या खेपेला मी आईच्या नावावर अजून दोन गोष्टी सांगितल्या.

बाकावरच्या तिघी सांगते. एक किराणा दुकानाची सून, आमच्याच गल्लीतली, पहिलटकरीण, माझ्याहून तीन महिने पुढं. शंकराला बेल वाहिल्याशिवाय तिच्या घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या मॅडम, विहाराजवळ राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. तिसरी शेतात रोजानं जाणारी, तिची तिसरी खेप. ती तोंडाची फटकळ, आणि तिच्यामुळंच बाक हसता राहायचा. मला तिघी 'गोंदियावाली' म्हणायच्या.

एकदा किराणावालीनं पिशवीतून गुलाबी टोपणाची चुसणी काढली. परभणीहून आणलेली.

"हे काय गं? बाटलीचं बूच?" तिसऱ्या खेपेचीनं विचारलं.

"चुसणी हाय वैनी. लेकरू रडलं की तोंडात द्यायची."

"रडलं की पाजावं. रबर चोखून पोट भरतंय व्हय? दोन आणायच्या होत्यास. एक नवऱ्याला. लय कटकट करायलाय म्हणतीस ना?"

किराणावाली लाजून लाल झाली. मॅडम हसल्या, पण लगेच मास्तरीणच झाल्या. "द्यायचीच असली तर आधी दूध नीट प्यायला लागू द्या. आणि रोज उकळायची. खाली पडली की पदराला पुसून परत तोंडात, असं न्हाई करायचं."

"आमची दोन बी मातीत लोळून मोठी झालीत, मॅडम."

"आणि जुलाब किती वेळा झाले?"

तिसऱ्या खेपेची बोटं मोजायला लागली आणि मधेच थांबली. "ते सोडा. माझ्या थोरल्याला चुसणी न्हवती, पण माझ्या जुन्या पोलक्याची बाही लागायची. ती नाकाशी धरल्याशिवाय डोळा लागायचा न्हाई त्याचा. काळीकुट्ट झालेली. म्हणून एक दिवस मी सोडा टाकून चांगली खळखळून धुतली. दोन दिवस झोपला न्हाई मेला! आईचा वास गेला म्हणं."

"मग?"

"मग काय, तीच बाही काखेत घालून दिवसभर कापूस वेचला."

आम्ही पोट धरून हसलो. हसताना माझ्या मनात आलं, आपल्या आईचा वास कसा होता? आठवेना. हसू तोंडावर तसंच राहिलं.

तेवढ्यात मॅडमना आत बोलावलं. किराणावाली माझ्याकडं वळली. "गोंदियावाली, तुमच्याकडं चुसणी देतात का?"

मला साधं सांगता आलं असतं, माहीत नाही. पण मी म्हणाले, "देतात. पण आमची आई म्हणते, कोरडी देऊ नये. मध लावून द्यावी. लेकरू शांत राहतं, आणि जीभ साफ होते."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? थोडं बापाकडून ऐकलेलं, थोडं तिथल्या तिथं जुळवलेलं. जंगलातला मध बापानं औषधाच्या बाटलीत भरून पाठवला होता. दुसऱ्या दिवशी त्यातला अर्धा मी तिला नेऊन दिला. ती आठ महिन्यांची, बाळंतपणाला माहेरी, राणीसावरगावला निघाली होती. "तुझ्या आईला नमस्कार सांग बरं का," असं म्हणून तिनं बाटली पिशवीत ठेवली. मी हो म्हणाले.

नंतरच्या तपासणीला बाकावर आम्ही तिघीच उरलो. किराणावालीला बारा दिवसांपूर्वी मुलगा झाल्याचं दुकानातून कळलं होतं. आशाताई शेडखाली उभी राहून सगळ्या बायांना सांगत होती. जन्मल्या जन्मल्या आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. मग म्हणाली, "आणि मध. वर्षाच्या आत मधाचं बोट बी लावायचं न्हाई. कुणी म्हातारी काय बी म्हणू दे. मधात असलं काही असू शकतं की तान्ह्या लेकराचं अंग लुळं पडतं. दूध ओढायची ताकद जाती. लेकरू जातं बी."

पुढचं काही ऐकू आलं नाही.

"काय गं, पांढरी पडलीस," तिसऱ्या खेपेची म्हणाली. "पाणी पी."

पाणी प्यायले नाही, उठले. रस्त्यात किराणावालीला फोन लावला, बंद. पुन्हा लावला; बंद. दुकानात गेले. तिचे सासरे गिऱ्हाईक करत होते. "सूनबाईचा फोन लागंना," मी म्हणाले. ते म्हणाले, "तिच्या आईनं काढून घेतलाय. बाळंतिणीनं फोन बघू नये, डोळ्याला बाधतं म्हणती. काही निरोप हाय का?"

निरोप होता. पण त्या मोठ्या माणसासमोर, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, तुमच्या नातवाला मी सांगितलेलं काही चाटवू नका, हे तोंडातून निघेना. "न्हाई मामा, सहज," म्हणाले आणि बाहेर आले. दहा पावलांवर परत फिरले. पुन्हा पुढं गेले. अशी तीन वेळा त्या दुकानापाशी घुटमळले. मग घरी जाऊन सासऱ्यांना म्हणाले, मैत्रिणीचं लेकरू बघून येते, आणि त्यांनी काही विचारायच्या आत निघाले.

पिंगळीहून परभणी, परभणीहून गंगाखेड. मला सातवा महिना नुकताच लागला होता. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यामागं यष्टी गोगलगाईसारखी. मी उभी राहायचे, बसायचे. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, उभं राहून गाडी लवकर जाती का?" नवऱ्याचा फोन आला. मी कुठं आहे ते ऐकून तो ओरडला, "येडी झालीस काय? या अवस्थेत?" खरं कारण त्यालाही सांगवेना. माझ्या पोटातलं लेकरू आतून ढुश्या देत होतं आणि मला वाटत होतं, हे बरं आहे, हे हलतंय, पण ते?

राणीसावरगावात घर विचारत गेले. मैत्रिणीची आई दारात आली. कपाळाला भस्माच्या रेघा, धिप्पाड बाई. मी आत पाय टाकणार तोच तिनं हात आडवा केला.

"थांब. उन्हातून, रस्त्यातून आलीस. बाहेरचं वारं घेऊन लेकराजवळ जायचं न्हाई. हातपाय धू, बस घटकाभर."

हातपाय धुतले. ओट्यावर बसले. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. लेकराचा आवाज नव्हता. का नाही? झोपलं असेल. पण इतकं शांत? बाई पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून गहू निवडायला लागली. "तूच का ती गोंदियाची? पोरगी लय नाव काढती तुझ्या आईचं."

मला राहवेना. "काकू, मध दिला का हो लेकराला?"

"दिला की. चुसणीला लावून, रोज सकाळी. पाच दिवस झाले. तुझ्या आईनंच सांगितलंय ना? मी तर आधी नको म्हणत होते. आमच्यात चुसणी बी न्हवती. पण पोरगी म्हणाली, जंगलातल्या माणसांना ठावं असतं."

मी रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगितलं. आई नाही. सहावीत होते तेव्हाच गेली. तिनं मला काही सांगितलेलं नाही. मी रचलं. आणि आज आशाताई काय म्हणाली तेही सांगितलं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. ती उठली, आत गेली, दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन बाहेर आली आणि पायात चपला सरकवल्या. मागून मैत्रीण भिंतीला धरून उभी. "काय झालं गं? आई, काय झालं?" मी त्या बाईच्या मागं मागं दवाखान्यापर्यंत गेले. ती पुढं, मी चार पावलं मागं. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

डॉक्टरांनी लेकराच्या पापण्या बघितल्या, हातपाय हलवून बघितले, तोंडात बोट घालून ते ओढतंय का बघितलं. लेकरू जागं झालं आणि बेंबीच्या देठापासून रडलं. "आत्ता तर ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मध आजपासून बंद. चुसणीसुद्धा राहू द्या. पण महिनाभर लक्ष ठेवा. दूध ओढायला मंद झालं, रडणं बारीक झालं, शी अडली, मान ढिली पडली, तर एक मिनिट थांबू नका."

महिनाभर! मला वाटलं होतं, आज काय ते कळेल आणि आपण सुटू.

संध्याकाळच्या आत नवरा गाडी करून घ्यायला आला. निघताना मी मैत्रिणीपाशी गेले. तिच्या डोळ्यांत राग होता की भीती, मला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला खरं सांगितलं असतंस तर मी हसले असते का गं?" तिच्या आईला मी विचारलं, रोज फोन केला तर चालेल का? ती म्हणाली, "कर. पोरीच्या फोनवर नको. माझ्या."

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या झाल्या की मी फोन लावायचे. ती उचलायची, 'हॅलो'सुद्धा न म्हणता सांगायची, "पितंय. रडतंय." आणि ठेवून द्यायची. रोज तेवढेच दोन शब्द. एखाद्या दिवशी उचलायला उशीर झाला की मी अंगणातून घरात, घरातून अंगणात. सासरे म्हणायचे, "सूनबाई, जमिनीला भोक पडंल." ते दोन शब्द कानावर पडले की तासभर बरं जायचं. मग वाटायचं, सकाळी पीत होतं, पण आता?

मधल्या तपासणीला बाकावर मी तिघींतल्या उरलेल्या दोघींना सांगून टाकलं. मॅडमनी विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाळेत तर आम्ही रोज मुलांना हेच सांगतो, येत नसेल तर येत नाही म्हणा. कुणी म्हणत न्हाई." तिसऱ्या खेपेची मात्र भडकली. "दुसऱ्याच्या लेकरावर कशाला गं तुझी हुशारी?" पण जाताना तिनं माझी पिशवी उचलून घेतली, घरापर्यंत.

महिना भरला त्या दिवशी मी फोन केला. तिनं उचलला. "पितंय," म्हणाली आणि थांबली. ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

"आज डॉक्टरला दाखवून आणलं," ती म्हणाली. "वजन वाढलंय. आता काळजी न्हाई म्हणले."

काकू, काकू, एवढंच म्हणत राहिले.

"रडू नको. एक विचारते, त्याचं खरं सांग. तुझ्या बाळंतपणाला कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"मला वाटलंच." पलीकडं भांडं वाजलं, तिनं कुणाला तरी दूध उतू जातंय म्हणून हाक मारली. "हे बघ, तुझ्यावरचा माझा राग गेला असं मी म्हणत न्हाई. ते पाच दिवस आठवले की अजून माझं काळीज हलतं. पण लेकराचं करायला माणूस लागतं, आणि माझ्याकडं एकीचं चाललंच हाय, दुसरीचं बी होईल. आमचे मालक तुझ्या सासऱ्यांशी बोलतील. नववा लागायच्या आत ये. यष्टीनं येऊ नको."

परक्या घरी कसं जायचं, मैत्रिणीच्या तोंडाकडं कसं बघायचं, सगळं एकदम डोक्यात उठलं. फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. फोन चालू होता, आणि पलीकडं ते लेकरू मोठमोठ्यानं, हक्कानं रडत होतं. मी ऐकत राहिले.