ड्रॉइंग रूममधली पाहुणी

"तू ड्रॉइंग रूममध्येच बस हं, तुला इथंच आणून देते."... सुमनच्या आईचं हे वाक्य ऐकलं तेव्हा मी पाचवीत होते. जुन्या जालन्यातलं त्यांचं घर, सत्तरच्या दशकाची अखेर.

बाकीच्या मैत्रिणी थेट स्वयंपाकघरात गेल्या. मी एकटी सोफ्यावर, मांडीवर पोह्यांची बशी... पाय जमिनीला टेकत नव्हते.

घरी आल्यावर बाबांना 'ड्रॉइंग रूम'चा अर्थ विचारला. ते शिक्षक. म्हणाले, पाहुण्यांना मानानं बसवायची खोली. मग काय... मी आल्यागेल्याला सांगत सुटले, बाकीच्या खाली बसल्या, मला सोफा दिला!

आई भाकरी थापत होती. "तुला आत न्हाई बोलावलं का?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, पाहुण्यांना आत कशाला बोलावतील... तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

आमची एकच खोली. मी मधोमध आईचं जुनं लुगडं बांधलं, अलीकडे बाबांची खुर्ची मांडली. आमचीही ड्रॉइंग रूम तयार.

रविवारी मैत्रिणी आल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. मी सुमनला मात्र हात धरून खुर्चीवर बसवलं, शेंगदाण्याचा लाडू दिला. ती गोंधळली. सगळ्या आत, मग मीच इथं का, म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, मानाची जागा आहे, तुमच्याकडं मला नव्हतं का बसवलं?

"आमच्याकडं तर आई ज्यांना आत घेत न्हाई, त्यांना तिथं बसवती," ती सहज बोलून गेली.

आम्ही बौद्ध. ते मला माहीत होतं, तिलाही. त्याचा त्या सोफ्याशी काय संबंध, ते दोघींना तिथंच कळलं.

लुगड्यापलीकडून आई म्हणाली, "सुमन, ये बाई आत. जागा हाये."

सुमननं लाडू खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली. पुन्हा कधी आली नाही... आणि मीही बोलावलं नाही.

आईला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मी तिच्यासमोरच त्या मानाचं कौतुक सांगत बसले होते. याची लाज पस्तीस वर्षांत गेलेली नाही.

सुमन, गेल्या महिन्यात तू इथं फेसबुकवर पुन्हा भेटलीस. दिवाळीनंतर मी जालन्याला येतेय. काकूंना विचारशील का, त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी बसून एक कप चहा मिळेल का?

नाहीच म्हणतील... तरी विचार.