सॅम्पलकाका आणि तांब्याची वस्ती

सॅम्पलकाका दगड चाटायचे. आखातात, हजरच्या डोंगरातल्या आमच्या तांब्याच्या खाणीत ते नमुने गोळा करत, म्हणून हे नाव. दगड जिभेने ओला करायचा, उन्हात धरायचा आणि सांगायचं, "दीड टक्का." दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्टही तेच सांगायचा. आमच्या जिऑलॉजिस्ट साहेबांना हे मुळीच आवडत नसे.

कुडाळकडचा हा माणूस आला तेव्हा तिथे चार केबिनी आणि पाण्याचा एक टँकर होता. बघता बघता दुकान आलं, न्हावी आला, मल्याळी हॉटेल आलं, रविवारी व्हॉलीबॉल रंगू लागला. काकांनी आपल्या गावातली बारा पोरं स्वतः आणली. ती काकांना विचारल्याशिवाय मोबाईलसुद्धा घेत नसत, आणि काकांनाही ते भारी आवडायचं.

मी खाणीच्या ऑफिसात होतो, बिऱ्हाड शारजात. आठवड्यातून एकदा घरी जाण्याला विटून मी बायकोमुलीला वस्तीतच आणायचं ठरवलं. काकांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, वहिनींना आणू नका. दगड फिका पडत चाललाय. वर्षभरात खाण खलास."

त्याच महिन्यात त्यांच्या बारांपैकी संतोषला दुबईत चांगली नोकरी चालून आली. जाऊ का, म्हणून तो काकांना विचारायला आला. मी तिथेच बसलो होतो. काका म्हणाले, "रव हयच. दगडात अजून जीव आसा." पोरगा थांबायचं ठरवून निर्धास्त परतला. मग काका माझ्याकडे वळले.

"एक गेला की बाराही जातील, साहेब. मग वस्तीत राहिलं काय?"

मला त्यांचा संताप आला. पण तोंड मीही उघडलं नाही, आणि ते मला आजही खातं.

खाण बंद झाली. आधी न्हावी गेला, मग हॉटेल. बाराही पोरं एकाच बसने एअरपोर्टला गेली, दुसरी नोकरी कुणाच्याच हातात नव्हती. काका मात्र रिकाम्या वस्तीचे वॉचमन म्हणून राहिले. गावी का जात नाही विचारलं, तर म्हणाले, "कुठल्या तोंडाने जाऊ?"

गेल्या हिवाळ्यात ते तिथेच वारले. कागदपत्रं मीच केली. शवपेटी गावी पोचली त्या दिवशी संतोषचा फोन आला. तो आता रिक्षा चालवतो. बाराही जणांनी आळीपाळीने खांदा दिला, म्हणाला. मग त्याला रडू आवरेना.

"साहेब, आमची नोकरी गेली त्याचाच काकांनी धसका घेतला. त्यांना आधी ठाऊक असतं, तर आम्हाला सांगितलं नसतं का?"

"सांगितलं असतं," मी म्हणालो.