दीपमालानं केलेलं भाषण

मोताळ्याच्या बसस्टँडमागं हर्षलचं खत-बियाण्याचं दुकान होतं. एका मोठ्या पक्षासाठी त्यानं कित्येक वर्षं सतरंज्या उचलल्या आणि तिकीट मिळालं पुढाऱ्याच्या मेव्हण्याला. त्या रागात त्यानं ‘स्वभूमी रक्षक दल’ काढलं. दल म्हणजे युरियाच्या पोत्यांवर बसलेली पाच-सहा माणसं, त्यातली दोन दुकानातलेच नोकर. चहा करायची ती त्याची बायको, दीपमाला.

रस्ते, वीज, पाणी यावर दलानं निवेदनं दिली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग निवृत्त हेडमास्तर अर्जुनराव येऊन बसू लागले.

“रस्त्यापाण्यानं कोनी पेटत नाही, हर्षल,” ते म्हणाले. “लोकाइले दुश्मन दाखवा लागते.”

दुश्मन शोधायला लांब जावं लागलं नाही. बाजारात मुसलमानांच्या हातगाड्या होत्या. मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले, करड्या रंगाचे गमछे आले आणि खेड्यापाड्यांतली रिकामी पोरं मोटारसायकली घेऊन दुकानापुढं जमू लागली. सासरे उकंडराव एकदाच बोलले, “हे पोट्टे आज तुह्यामागं हायेत. उद्या तुले ओळखणार नाहीत.” हर्षलनं बापाशी बोलणं टाकलं.

पंचायत समितीची जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि दीपमाला उमेदवार झाली. चौकात तिचा फोटो लागला. लग्नानंतर या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता बायका सरकून तिला जागा देत. तिला ते आवडलं, हे खोटं नाही.

भाषण अर्जुनरावांनी लिहिलं. घरात हर्षल ते तिच्याकडून घोकून घेत होता. ‘बाहेरचे येतात, बांगड्या भरायच्या निमित्तानं घरं हेरून जातात,’ इथं ती अडली.

“काऊन थांबली?”

“हे शमीमबीवरच जाते ना हो. गावात बांगड्यावाली तेच तर हाय.”

“नाव घेतलं का आपण कोनाचं? म्हन पुढं.”

शमीमबी मणियारनं तिला दोन्ही बाळंतपणांआधी हिरवा चुडा भरला होता. तरी सभेत दीपमाला ते वाक्य बोलली. टाळ्या पडल्या. पोरं शिट्ट्या मारू लागली, तेव्हा कागदात नसलेलं तिनं आपल्या मनानं जोडलं, “हाकला यायले बाजारातून.”

पुढच्या बाजारी पोरांनी हाकललं. शमीमबीचं दुकान उलथलं, काचेचा चुरा रस्ताभर झाला आणि ढकलाढकलीत तिचं मनगट मोडलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडं गेला. त्याला मागून दीपमालाच्या भाषणाचा आवाज लावला होता.

गुन्हा नोंदला गेला. पहिलं नाव तिचं. हर्षलच्या दुकानात मात्र पेढे वाटले जात होते.

“नाव जिल्हाभर झालं,” अर्जुनराव म्हणाले. “बाईनं आता अटक करून घ्यावी. आपन मोर्चा काढू.”

“भाषण तर तुमीच लिहून देलं होतं, गुरुजी.”

“म्या? मंचावर तू काय बोलशीन, ते मले काय ठाव?”

तिनं हर्षलकडं पाहिलं. तो पेढ्यांचं खोकं बांधत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती उकंडरावांना घेऊन ठाण्यात गेली. भाषण कुणी लिहिलं, पोरांना कुणी पाठवलं, शेवटचं वाक्य कुणाचं, सगळं सांगितलं. घरी आली तर तिचे कपडे अंगणात होते. दोन्ही पोरींना घेऊन ती वरवट बकालला भावाकडं गेली. तिथंही करडे गमछे पोचले. भिंतीवर ‘गद्दार’ लिहून गेले. भावजय उंबऱ्यात बसून तिला ऐकू जाईल असं बोलायची.

एक दिवस मोताळ्याला येऊन ती शमीमबीच्या दारात उभी राहिली. शमीमबीनं आत बोलावलं नाही.

“केस मागं घेनार नाही मी.”

“नको घेऊ. तेच्यासाठी नाही आली मी.”

“मंग कायले आली? माफ कराले लावतं का मले?” आणि तिनं दार लोटलं.

दलानं दुसरी बाई उभी केली. अनामत गेली. हर्षल आणि अर्जुनराव एकमेकांवर खापर फोडत वेगळे झाले. आता दलं दोन झाली, आणि पोरं अर्जुनरावांकडं गेली. ते बाजारभर फिरून हातगाड्यांवर मालकांच्या नावांच्या पाट्या लावतात. हर्षल तर त्यांच्याहून जहाल बोलतो.

कोर्टात आरोप वाचून दाखवले, तेव्हा सगळ्यांनी गुन्हा नाकबूल केला. दीपमालाच्या वकिलानं तिलाही तसंच म्हणायला डोळ्यांनी खुणावलं.

“बोलली मी, साहेब,” ती म्हणाली. “शेवटचं तर मह्याच मनचं होतं.”

तिला दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. बाकीच्यांचा खटला चालू राहिला. हर्षल तिच्यासमोरून पायऱ्या उतरून गेला आणि जाता जाता थुंकला. दिवसभर ती मागच्या बाकड्यावर बसून राहिली. संध्याकाळी शिपायानं खिडक्या लावल्या, “जा बाई आता,” म्हणाला, तेव्हा ती उठली आणि पोरी शाळेतून आल्या असतील म्हणून भरभर बसस्टँडकडं निघाली.