अर्धवट राहिलेलं डोहाळजेवण

बोदवडजवळच्या एका खेड्यात केळी-कपाशी करणाऱ्या जीवराम आबांच्या घरात त्यांच्या बायकोचा, कुंदाबाईंचा, शब्द शेवटचा असे. सून कामिनी पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यात भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. गर्भाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात उतरणारी हार्मोन आणि प्रथिनं त्यात मोजतात.

"बाळात दोष दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण वारेचं एक प्रथिन कमी आलंय. अशा बाईचं बीपी पुढे वाढू शकतं. वाढेलच असं नाही. आतापासून गोळी देऊ."

"पोरगी ठणठणीत हाये, गोळ्या कायले?" आबा कुरकुरले.

कुंदाबाईंनी वेगळंच विचारलं. "वाढलं तर काय होतं?"

"डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दुर्लक्ष केलं तर झटके येतात."

घरी आल्यावर रोजची गोळी कुंदाबाई स्वतः कामिनीच्या हातावर ठेवू लागल्या. बीपी मोजायला आरोग्य उपकेंद्रातही त्याच नेत.

तरी आठव्या महिन्यात व्हायचं ते झालं. डोहाळजेवणाला बाया जमल्या होत्या. फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली कामिनी हळूच म्हणाली, "आई, सकाळपासून डोकं ठणकतंय. समोरचं धुरकट दिसतंय."

कुंदाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि मुलाला, चंदनला, गाडी काढायला सांगितली.

"ओटी तर भरू दे. बाया काय म्हनतीन?" आबा म्हणाले.

"म्हनू द्या."

भुसावळच्या दवाखान्यात तपासलं तेव्हा बीपी फार वाढलं होतं, लघवीतून प्रथिन जात होतं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि त्याच दिवशी सिझेरियन केलं. मुलगी झाली, अगदी लहानशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

वॉर्डात सुनेच्या केसांत अडकलेली फुलं काढताना कुंदाबाई पहिल्यांदाच मनातलं बोलल्या. "माह्या धाकट्या बहिनीले, भागाले, असंच झालं होतं. तोंड सुजलं, मंग झटके. आम्ही बाहेरची बाधा समजून भगताले बोलावलं. तिचं डोकं माह्या मांडीवर होतं."

"आणि बाळ?"

"तेबी गेलं."

कामिनीने त्यांचा हात धरला.

काही आठवड्यांनी मुलगी घरी आली. कामिनीच्या बीपीच्या गोळ्या थोडे महिने चालल्या, मग थांबल्या. आता गल्लीत कुणाला दिवस गेले की कुंदाबाई तिच्याकडे चहाला जातात आणि उठताना विचारतात, "बीपी पाह्यलं का?" काहींना ते अपशकुनी वाटतं. एकीने तोंडावर तसं सांगितलंही. पुढच्या आठवड्यात कुंदाबाई पुन्हा तिच्याकडे गेल्या.