काकूंची बोटं आणि भांड्यांचं मशीन

भांडी धुवायचं मशीन घरात आलं आणि शिवणकाम करणाऱ्या काकूंना काय करू नि काय नको असं झालं! कारणही तसंच होतं. साबणाच्या पाण्याने बोटांना भेगा पडलेल्या, आणि शिवायला घेतलेला भाचीच्या लग्नातला रेशमी पोशाख. हात लावला की धागा अडकलाच! डॉक्टरांनी बजावलं होतं, हात कोरडे ठेवा, नाहीतर रेशीम विसरा. भाचीला तर दुसऱ्या कुणाच्या हातचं चालणारच नव्हतं.

सुनेने एकदा दाखवलं, काकूंनी तोंडपाठ केलं. ताटल्यांची तोंडं फवाऱ्याकडे, वाट्या पालथ्या, सुऱ्यांची टोकं खाली. लाकडी डाव नको, लोखंडी तवा नको, नॉनस्टिक कढई तर नकोच नको. शेजारीण बघायला आली, तर काकूंनी आतला फवाऱ्याचा दांडा बोटाने गरकन फिरवून दाखवला. "बघ, कुठे अडतो का? नाही ना? मग लाव दार!" मशीन घुमायला लागलं की समोर स्टूल टाकून बसायच्या.

पण भेगा काही भरेनात. लग्न महिन्यावर आलं, पोशाख तसाच पडलेला. एका दुपारी सून लवकर घरी आली आणि पाहते तर काय! काकू बाह्या सरसावून नळाखाली एकेक ताटली घासून लख्ख करताहेत आणि मग मशीनमध्ये लावताहेत.

"अहो आई, हे काय चाललंय?"

"अगं, खरकटी भांडी त्या नव्याकोऱ्या मशीनमध्ये कशी घालायची? बरं दिसतं का ते?"

सुनेची हसून हसून पुरेवाट झाली. "मग त्या बिचाऱ्याने धुवायचं तरी काय?"

काकू ओशाळल्या, आणि जरा चिडल्याही. "एवढं सगळं शिकवलंस, हे नको होतं सांगायला?"

"चुकलंच माझं. खरकटं नुसतं झटकायचं. तवा, कढई, डाव मी धुईन. तुम्ही नळाला हात लावायचा नाही!"

त्या दिवशी रश्श्याने माखलेल्या ताटल्या काकूंनी जिवावर आल्यागत आत लावल्या. बाहेर आल्या त्या चकचकीत. तरी त्यांनी प्रत्येकीवरून बोट फिरवून खात्री करून घेतलीच.

मग हळूहळू भेगा मिटल्या. एका सकाळी काकूंनी भीत भीत रेशमावरून तळहात फिरवला आणि घर डोक्यावर घेतलं.

"अगं ए, इकडे ये आधी! लवकर ये!"

सून तवा घासता घासता ओल्या हातांनीच धावत आली. काकूंनी डोळे पुसत पुन्हा एकदा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ," त्या म्हणाल्या, "कुठे अडतो का?"